मित्राचे चित्र आणि वास्तवाचा प्रश्न

दलित साहित्याच्या आणि कलेच्या चर्चेत 'वास्तव' हा शब्द आपण गेली पन्नास-साठ वर्षे इतक्या सवयीने वापरत आलो आहोत, की त्याच्या पोटात नेमके काय आहे हे तपासण्याची गरजच आपल्याला वाटेनाशी झाली आहे. वास्तव म्हणजे दारिद्र्य, वास्तव म्हणजे गावकुसाबाहेरचा अंधार, वास्तव म्हणजे अत्याचार, असे समीकरण रूढ झाले. या समीकरणाने एके काळी फार मोठे काम केले, हे मी नाकारत नाही. प्रस्थापित मराठी साहित्याने जे जग कधी पाहिलेच नव्हते ते त्याने पांढरपेशा वाचकाच्या डोळ्यांसमोर आणून आदळले. परंतु ज्या कलाकृतीत आक्रोश नाही, घोषणा नाही, आणि तरीही जी आपल्यातल्याच एका माणसाचा चेहरा प्रामाणिकपणे उभा करते, तिच्यासमोर आली की आपली समीक्षा गोंधळते. या गोंधळाविषयी मला इथे लिहायचे आहे. निमित्त एका चित्राचे आहे.

हे चित्र माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने काढले. तो जिल्ह्याच्या गावी एका फोटो स्टुडिओत लग्नाचे करिझ्मा अल्बम तयार करण्याचे काम करतो. कलाशाळेत तो गेलेला नाही. जे शिकला ते हप्त्याने घेतलेल्या टॅब्लेटवर, रात्री, स्वतःच्या बळावर. समाजकल्याणच्या वसतिगृहात ज्याच्याबरोबर त्याने एका खोलीत पाच वर्षे काढली, त्या मित्राचे हे व्यक्तिचित्र आहे. मित्र आता शेतीपंपाच्या मोटारींचे रिवाइंडिंग करतो. चित्र टॅब्लेटच्या काचेवर, डिजिटल साधनांनी, पण तैलरंगातल्या व्यक्तिचित्राच्या शिस्तीने काढलेले आहे. कॅनव्हासवर छापून ते १४ एप्रिलच्या कार्यक्रमात सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात लावले होते. चळवळीत आयुष्य घालवलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते त्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "चित्र झकास आहे रे बाबा. पण यात आंबेडकरी काय?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तो विचारणाऱ्याचा अधिकार मोठा आहे आणि प्रश्नही आपल्या समीक्षेच्या मुळाशी जाणारा आहे. म्हणून चित्र नीट पाहू.

तिशीतला एक माणूस दुकानाच्या दारात लाकडी पाटावर बसला आहे. समोरच्या फळीवर मोटारीचा उघडा स्टेटर आहे. त्याच्या खाचांत तांब्याची तार निम्मी भरून झाली आहे. हात थांबलेले आहेत. नजर आपल्याकडे नाही. ती आपल्या किंचित डावीकडे कुणावर तरी स्थिरावलेली आहे. हा ऐकत असलेल्या माणसाचा चेहरा आहे. समोरचा काही सांगतो आहे, आणि ऐकणाऱ्याला ते पूर्ण पटलेले नाही, पण मध्ये तोडायचेही नाही, अशी ओठांच्या कडेला एक अगदी बारीक घडी आहे. समोरचा सांगणारा म्हणजे अर्थातच चित्रकार. मित्राच्या आईने चित्र पाहिले तेव्हा रंगाविषयी, नाकडोळ्यांविषयी ती काहीच बोलली नाही. "आपण काही सांगाय लागलो की हा असाच बसतो," एवढेच म्हणाली. साम्य म्हणजे काय याचे यापेक्षा नेमके उत्तर मी कलासमीक्षेच्या पुस्तकात वाचलेले नाही.

आता हे साम्य आले कसे, ते पाहणे भाग आहे. कारण वास्तवाचा प्रश्न तिथेच आहे. सुरुवातीला चित्रकाराने, सगळे करतात तसा, मोबाईलवर मित्राचा फोटो काढला. या साधनांत फोटोतला कुठलाही ठिपका टोचून तिथला रंग जसाच्या तसा उचलता येतो. त्याने कपाळावरचा रंग उचलला, तो जवळजवळ पांढरा निघाला. जबड्याखालचा उचलला, तो काळाठिक्कर निघाला. मधले जे काही, म्हणजे ज्याला माणसाचा चेहरा म्हणायचे ते, त्या दोन टोकांत हरवले होते. दारातल्या उन्हाशी आणि दुकानातल्या अंधाराशी जमवून घेताना मोबाईलने चेहऱ्याचा बळी दिला होता. शिवाय अशा कॅमेऱ्यांत त्वचा गुळगुळीत आणि उजळ करण्याची सोय आधीच बसवलेली असते. चित्रकाराने फोटो फक्त रेखांकनाच्या मापापुरता ठेवला. रंगासाठी त्याने मित्राला चार रविवार त्याच दारात, त्याच वेळी बसवले. त्यातले दोन रविवार मीही तिथे होतो.

तांत्रिक तपशील थोडा सांगतो, कारण आपल्याकडे चित्रांविषयी लिहिताना आशयावरच बोलून मोकळे होण्याची खोड आहे. टॅब्लेटची कोरी काच पांढरीशुभ्र असते. त्या पांढऱ्यावर कुठलाही सावळा रंग लावला की तो आहे त्यापेक्षा काळा दिसतो, आणि हात आपोआप तो फिका करू लागतो. त्याने आधी सगळी काच मातकट राखाडी रंगाने भरली आणि मग त्यावर उजेड आणि सावली दोन्ही चढवत गेला. सावलीसाठी त्याने काळा रंग वापरला नाही. तपकिरीत काळा मिसळला की त्वचा राखेसारखी मरते, हे स्टुडिओतल्या कामातून त्याला ठाऊक होते. सावल्या त्याने गडद तांबूस आणि वांगी रंगाच्या छटांनी बांधल्या. सावळ्या त्वचेवर उजेड गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक ठळकपणे चमकतो आणि ज्या दिशेने येतो तिथला रंग घेऊन येतो. म्हणून कपाळाच्या कडेला आकाशाची निळसर चकाकी आहे आणि हनुवटीखाली फळीवरच्या तांब्याच्या तारेची केशरी आभा. ही हनुवटीखालची आभा मला या चित्रातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. माणसाचे काम त्याच्या चेहऱ्यावर उजेड टाकते आहे, आणि हे रूपक म्हणून आणलेले नाही. तांबे तिथे होते म्हणून ते आले.

डिजिटल चित्रात थर वेगवेगळे ठेवता येतात. रेखांकन एका थरावर, त्वचा दुसऱ्यावर, कपडे तिसऱ्यावर, पार्श्वभूमी चौथ्यावर. बिघडले तर तेवढाच थर पुसता येतो. चित्रकाराने दुसऱ्या रविवारनंतर सगळे थर एकत्र करून टाकले. "वेगळे ठेवले की माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो, सर," असे तो म्हणाला. हे ऐकताना मला विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराचा मुंबईतल्या लोकांवरचा दोन भागांचा ग्रंथ आठवला. तो १८६३ आणि १८६६ साली निघाला. त्यात निरनिराळ्या जातिजमातींची माणसे स्टुडिओत उभी करून त्यांचे फोटो काढले आणि ते वेगळ्याच ठिकाणी घेतलेल्या पार्श्वभूमीवर जोडून छापले. म्हणजे थरांची युक्ती दीडशे वर्षांपूर्वीचीच आहे. पुढे १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने आठ खंड सरकारी आश्रयाने निघाले. फोटोखाली जातीचे किंवा जमातीचे नाव, आणि त्या जातीच्या स्वभावाचे, लबाडीचे, आज्ञाधारकपणाचे वर्णन. फोटोत जो उभा आहे त्याचे स्वतःचे नाव बहुतेक ठिकाणी नाही. तो माणूस नव्हे, नमुना आहे. फोटो पाहून 'हा मी नव्हे' असे म्हणण्याची सोय त्याला नव्हती. ज्या ग्रंथात तो होता तो ग्रंथ त्याच्या घरापर्यंत कधी पोहोचणार नव्हता.

कार्यकर्त्यांच्या प्रश्नाचे माझे उत्तर इथून सुरू होते. आपला चेहरा चित्रात यायचा तर तो जखमेचा, मडक्याझाडूचा किंवा मुठीचाच असला पाहिजे, अन्यथा तो आंबेडकरी नाही, असे आपण म्हणू लागलो, तर त्या आठ खंडांचाच नियम आपण उलट्या हेतूने स्वीकारतो. तिथे माणसाची ओळख जातीच्या नावाने संपत होती, इथे ती जातीच्या दुःखाने संपेल. मित्राच्या चित्राखाली त्याचे नाव आहे, आणि नावाखाली 'मोटार रिवाइंडिंग, दुकान क्रमांक चार' असे लिहिले आहे. एवढे पुरे आहे असे मला वाटते.

यावर कुणी म्हणेल, मग सवी सावरकरांच्या चित्रांचे काय? गळ्यात थुंकीचे मडके आणि मागे झाडू बांधलेला अस्पृश्य, देवदासी, ही त्यांची चित्रमालिका आपल्या कलेतला मोठा टप्पा आहेच. पण ती वास्तववादी नाहीत. सावरकर मुद्दाम आकार मोडतात, रेषा जाड आणि हिंस्र ठेवतात. तिथे कुणा एकाचा चेहरा उभा करायचाच नाही, इतिहासाचा चेहरा उभा करायचा आहे. दोन्ही कामे वेगळी आहेत आणि एकाच्या मापाने दुसरे मोजू नये. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रे काढली ती या दोहोंच्या मधे कुठेतरी येतात. त्यांवर स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे.

आपल्याकडच्या वास्तववादी व्यक्तिचित्राचा इतिहास या दृष्टीने बघण्यासारखा आहे. १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा निघाली. तिथे युरोपीय पद्धतीचे छायाप्रकाशाचे शिक्षण मिळू लागले आणि संस्थानिक, शेठ, न्यायाधीश, दिवाण यांची तैलचित्रे भिंतींवर चढली. व्यक्तिचित्र हे पैसे मोजून घ्यायचे असते, हा त्या परंपरेचा पाया. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यातून देवदेवतांची गोरीपान, गुलाबी गालांची चित्रे घराघरांत गेली. सावळारामबापू हळदणकरांचे दिवा घेतलेल्या मुलीचे जलरंगातले चित्र आपण सर्वांनी छापील रूपात पाहिलेले आहे. त्या चित्रासाठी त्यांची मुलगीच बसली होती. हाताच्या बोटांमधून झिरपणारा तो उजेड पाहून आजही थक्क व्हायला होते. तिथे पैसे देणारा नाही, जिव्हाळा आहे. परंतु जिव्हाळ्याने चित्र काढावे इतके कौशल्य आणि इतकी सवड ज्या घरांत पोहोचली ती घरे कोणती, हेही विसरता येत नाही. आमच्याकडे चित्र काढणारेही नव्हते आणि काढून घेणारेही नव्हते. माझ्या आजीचा हयातीतला एकमेव फोटो संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला लावलेला होता. तिचा चेहरा फक्त कचेरीला हवा होता.

मग आमच्या भिंतींवर जी चित्रे आली ती बाबासाहेबांची आणि बुद्धाची. त्यांनी आम्हाला काय दिले हे इथे सांगण्याची गरज नाही. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागायला १२ एप्रिल १९९० उजाडला, पण झोपड्यांच्या कुडांवर ते कितीतरी आधी लागले होते. एक गोष्ट मात्र मला नेहमी खटकते. कॅलेंडरवाल्यांनी बाबासाहेबांच्या गालांवर गुलाबी छटा आणि ओठांवर लाली चढवली, आणि आपण ती निमूटपणे पूजेला लावली. रविवर्म्याच्या छापखान्याची ती चव आपल्याही तोंडात बसली आहे. शाळेतली पोरे खडूच्या डबीतल्या फिक्या गुलाबी खडूला 'स्किन कलर' म्हणतात आणि तो मागून घेऊन माणसे रंगवतात, वर्गात त्या रंगाचे एकही पोर नसले तरी. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने आपल्या अशाच खडूचे 'फ्लेश' हे नाव १९६२ साली बदलून 'पीच' केले. आपल्याकडे कंपनीने खडूवर काही छापो वा न छापो, नाव पोरांनीच दिलेले आहे.

हे फक्त खडूपुरते नाही. रंगीत फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळांना कोडॅक कंपनी रंग जुळवून पाहण्यासाठी एक नमुना फोटो देत असे. त्यावर गोरी बाई असे. 'शर्ली कार्ड' या नावाने तो ओळखला जाई. तिची कातडी बरोबर आली की यंत्र बरोबर, असा हिशेब. काळ्या माणसांचे चेहरे त्यात बुडून जात, दात आणि डोळे तेवढे दिसत. कंपनीला फिल्म सुधारावी लागली ती मुख्यतः चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांनी, आमच्या मालाच्या तपकिरी छटा नीट येत नाहीत, अशी तक्रार केल्यावर! माणसांची तक्रार पुरेशी ठरली नव्हती. डिजिटल युगात यंत्र निःपक्षपाती झाले असेल असे ज्यांना वाटते त्यांनी जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांचा २०१८ चा अभ्यास पाहावा. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या व्यापारी प्रणाली त्यांनी तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण फार तर ०.८ टक्के होते. काळसर त्वचेच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले होते. साधनाच्या पोटात कुणाची तरी नजर आधीच भरलेली असते. फोटोतला रंग टोचून उचलणे म्हणजे ती नजर उसनी घेणे होय.

काळ्या अमेरिकन साहित्याशी दलित साहित्याचे नाते आपण वारंवार सांगतो. चित्रकलेशी असलेले नाते मात्र आपल्या पानांवर फारसे आलेले नाही. बार्कली हेन्ड्रिक्स (१९४५–२०१७) हा चित्रकार या संदर्भात वाचकांनी आवर्जून पाहावा. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याने आपले मित्र, नातलग, विद्यार्थी, रस्त्यात भेटलेली माणसे पूर्ण उंचीच्या तैलचित्रांत रंगवली. त्यांचेच कपडे, त्यांचाच तोरा, आणि मागे एकाच रंगाची सपाट पार्श्वभूमी. साखळदंड नाहीत, मोर्चा नाही. त्यालाही 'यात लढा कुठे आहे' असे विचारले गेले असणार. राजकीय चित्रकार हे लेबल त्याने स्वतः कधी आवडीने लावून घेतले नाही. तरीही २०२३ साली न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात, युरोपीय सरदार-सावकारांच्या व्यक्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या संस्थेत, त्याची चित्रे लागली, तेव्हा त्या भिंतींचा अर्थ बदलला असेल यात मला शंका नाही.

आता या चित्राच्या घडणीतल्या त्या प्रसंगाकडे येतो, ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. तिसऱ्या रविवारी चित्र जवळजवळ तयार झाले होते. मित्राने टॅब्लेट हातात घेतला, लांब धरून पाहिला, आणि म्हणाला, "भारी झालंय गड्या. जरा उजळ कर ना मला."

मी तिथेच बसलो होतो. चित्रकार काही बोलला नाही. त्याची अडचण काय होती ते वाचकांच्या लक्षात येईल. स्टुडिओत दिवसभर तो हेच काम करतो. नवरा-नवरीचे चेहरे साफ करायचे, दोन छटा गोरे करायचे. त्याची आज्ञावलीच संगणकात बसवलेली आहे, एक कळ दाबली की वधू उजळते. त्या कामाचा त्याला वीट आलेला आहे आणि म्हणूनच त्याने हे चित्र सुरू केले. आणि इथे ज्याच्यासाठी सत्य रंगवायचे तोच मित्र ते सत्य नाकारतो आहे. आमच्यासारखा प्राध्यापक असता तर त्याने तिथेच वर्णवर्चस्वावर व्याख्यान झोडले असते. पण चित्रातल्या माणसाला आपल्या चित्रावर हक्क आहे असे आपण मानत असू, तर तो हक्क आपल्याला आवडेल तेवढाच मानून कसे चालेल?

चित्रकाराने आठवडाभर विचार केला. चौथ्या रविवारी त्याने मित्राचा पाट दाराच्या चौकटीपासून हातभर बाहेर सरकवला. ऊन चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर सरळ आले. त्याने डावा गाल, कपाळ आणि नाकाचा दांडा पुन्हा रंगवला, सावलीचा भाग तसाच ठेवला. उजेड वाढवला, कातडी बदलली नाही. मित्राने पाहिले आणि म्हटले, "हां, आता दिसतोय मी."

या उत्तराचा अर्थ मी पुष्कळ दिवस लावतो आहे. चित्रकाराने मित्राला युक्तीने गप्प केले, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे पडले. मला ते पटत नाही. ज्याचे आजवरचे सगळे फोटो, वसतिगृहाच्या ग्रुप फोटोपासून आधारकार्डापर्यंत, काळ्या डागासारखे आले, तो 'उजळ कर' म्हणतो तेव्हा तो नेहमी गोरेपणच मागत असतो असे नाही. 'मला दिसू दे' असेही तो म्हणत असतो. त्याच्यापाशी त्यासाठी दुसरा शब्द नाही, कारण आपल्या भाषेने दिसण्याला आणि गोरेपणाला एकच शब्द देऊन ठेवला आहे. 'उजळ' हा तो शब्द. त्या एका शब्दातल्या दोन मागण्या चित्रकाराने वेगळ्या ओळखल्या आणि त्यांतली एक पुरी केली. मात्र मित्राच्या मनात दुसरी मागणीही नव्हतीच, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. लग्न जमवायचे चालले आहे त्याचे. मुलीकडच्यांना पाठवलेला फोटो वेगळाच आहे, आणि तो याच चित्रकाराने त्याच्या स्टुडिओत बसून उजळ केलेला आहे. हेही वास्तवच.

हा प्रसंग आपल्या साहित्याला लावून पाहावा असे मला वाटते. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले आणि त्यानंतर दलित आत्मकथनांची रीघ लागली. या आत्मकथनांना विरोध झाला तो फक्त पांढरपेशांकडून नव्हे. आपल्याच शिकल्यासवरल्या लोकांनी 'हे कशाला उकरता?' असे विचारले. आपण त्यांना भेकड, पांढरपेशे बनलेले म्हणून मोडीत काढले. काही अंशी ते खरेही होते. पण त्या प्रश्नात आणखी एक गोष्ट दडलेली होती. आत्मकथनात लेखक एकटा नसतो. त्यात त्याची आई असते, बहीण असते, दारू पिणारा बाप असतो, वस्तीतली एखादी बदनाम बाई असते. या माणसांनी आपले चित्र पाहिले का? 'जरा उजळ कर' म्हणण्याची संधी त्यांना मिळाली का? बहुतेकांना ते पुस्तक वाचताही येत नव्हते. लेखकाने त्यांचे म्हणणे ऐकून खोटे लिहावे असे मी म्हणत नाही. पाट हातभर सरकवून पाहता आला असता का, एवढेच मी विचारतो. आई सोशिक, बाप व्यसनी, बहीण बळी, अशी जी ठरावीक माणसे एका आत्मकथनातून दुसऱ्यात फिरू लागली ती त्या आठ खंडांतल्या नमुन्यांची दूरची भावंडे तर नव्हेत? स्त्रियांनी लिहायला घेतल्यावर, बेबी कांबळेंचे 'जिणं आमुचं' आणि ऊर्मिला पवारांचे 'आयदान' (२००३) आल्यावर, उजेडाची दिशा बदलली आणि त्याच घरांतली वेगळीच माणसे दिसू लागली.

या चित्राची भलावण करताना त्यातले दोष झाकणे मित्रत्वाचे होणार नाही. डोळ्यांत त्याने दोन-दोन पांढरे ठिपके टाकले आहेत. एक दाराचा, दुसरा कुठला? तो सिनेमाच्या पोस्टरवरून आलेला आहे. दाढीचे खुंट आणि त्वचेची छिद्रे काढताना चित्र दहापट मोठे करून तो त्यातच रमला. काचेवर हे फार सोपे असते आणि म्हणूनच घातक असते. छिद्रे मोजता येतात इतके बारीक काम गालावर आहे आणि हात मात्र घाईचे. ज्या बोटांनी तार भरली जाते, व्हार्निशने ज्यांची नखे पिवळी पडली आहेत, ती बोटे मऊ, जवळजवळ कारकुनाची झाली आहेत. चेहऱ्यावर चार रविवार आणि हातावर एक तास, असा हिशेब दिसतो. कष्टकऱ्याचे चित्र काढताना हे परवडत नाही. मागची भिंत धूसर केली आहे ती मोबाईलच्या पोर्ट्रेट फोटोची नक्कल म्हणून. हेन्ड्रिक्ससारखी सपाट ठेवली असती किंवा दुकानातला पसारा सरळ काढला असता, तर दोन्ही चालले असते. पार्श्वभूमी निळी का केली नाही, असेही त्या दिवशी कुणीतरी विचारले. "दुकानाची भिंत पिवळी आहे," असे चित्रकाराने सांगितले. हे उत्तर मला आवडले.

हे चित्र फोटो बघून काढले असेल, आता तर यंत्राला सांगितले की ते मिनिटात असे चित्र काढून देते, मग यात विशेष काय, असा आक्षेपही कानावर आला. यंत्र चेहरा काढून देईल यात वाद नाही. पण ते ज्या लाखो चित्रांवर पोसलेले असते त्यांचीच सरासरी काढते, आणि त्या चित्रांत आपले चेहरे किती आणि कसे आहेत हे वर येऊन गेलेच आहे. शिवाय यंत्राला चौथा रविवार नसतो.

कार्यक्रमानंतर चित्रकाराकडे चौकशा सुरू झाल्या आहेत. कुणाला वडिलांचे चित्र हवे आहे, कुणाला स्वतःचे, साहेबाच्या खुर्चीत बसलेले. बहुतेक जण मोबाईलवर फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, 'असेच, फक्त थोडे गोरे'. हयात माणसाचे चित्र असेल तर त्याने स्वतः येऊन दोन तास बसले पाहिजे, अशी अट त्याने घातली आहे. गेलेल्या माणसाचे असेल तर त्याला ओळखणाऱ्या कुणीतरी येऊन बसावे आणि त्याच्याविषयी बोलावे. या अटीमुळे पुष्कळ गिऱ्हाईक परत जाते, आणि टॅब्लेटचे हप्ते अजून फिटलेले नाहीत. आतापर्यंत तिघे येऊन बसले आहेत.